हद्दीला आलेला कोपर

माझ्या आत्यानं बावीस वर्षं राज्याची सीमा काढली, पण त्या बावीस वर्षांत तिचा पाय एकदाही सीमेवर पडला नव्हता.

ती नकाशा कार्यालयात अनुरेखक होती. सगळे ट्रेसरच म्हणायचे. मूळ नकाशावर पातळ मेणकापड अंथरायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईनं जशीच्या तशी वर उतरवायची, एवढंच काम. तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी तिचं काचेचं टेबल होतं. काचेखाली दिवा असल्यामुळे दिवसभर तिच्या हनुवटीवर खालून उजेड पडायचा. रेघ ओढताना ती श्वास रोखायची. ही सवय घरीही होती. सुईत दोरा ओवायला बसली की आत्या श्वास धरायची, आणि समोर बसलेली मीही धरायची. दोरा लवकर गेला नाही तर माझाच जीव घाबरा व्हायचा.

लग्न केलं नव्हतं. आमच्याकडेच राहायची. सुट्टीच्या दिवशी रद्दीतला एखादा नकाशा पलंगावर पसरून मला शिकवत बसायची.

"ही नागमोडी दिसते ना, ती नदी. नदी म्हणजे आयती हद्द, मोजायला नको. पण नदी जागा बदलते आणि कागदावरची हद्द तिथंच राहते. मग एका राज्याची चार शेतं पलीकडच्या काठावर जाऊन बसतात."

"आणि ही सरळ?"

"ही कुणी तिथं न जाताच काढलेली. लांबच्या खोलीत पट्टी ठेवली, पेन्सिल ओढली, झालं. रेघ वाकडी दिसली की समजायचं, इथं कुणीतरी पायी फिरलंय. आणि बहुतेक भांडलंयही."

तर अशा एका वाकड्या रेघेवरूनच तिची नोकरी पणाला लागली.

शेजारच्या राज्याबरोबर हद्दीचे नवे नकाशे काढायचं ठरलं. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची एक समिती नेमली. जुने दगड काढून सिमेंटचे खांब रोवायचे, आणि त्याआधी दोन्ही राज्यांचे कागद जुळवून घ्यायचे. आत्याच्या वाट्याला जो कागद आला त्यात एका उघड्या टेकडीपासून दोन ओढ्यांच्या संगमापर्यंत हद्द होती. मूळ हुकुमात लिहिलं होतं, 'माथ्यापासून संगमापर्यंत सरळ.' नकाशात मात्र ती मधेच पलीकडच्या राज्यात कोपर मारल्यासारखी घुसली होती, आणि परत येऊन संगमाला मिळत होती. कोपराच्या कडेनं अकरा बारीक चौकोन होते. चौकोन म्हणजे हद्दीचा दगड.

कार्यालयात या कोपराला 'दारुड्याचा कोपर' म्हणत. ऐंशी वर्षांपूर्वीचा मोजणीदार प्यायलेला होता आणि त्याचा हात घसरला, अशी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली थट्टा होती. मुख्य आरेखक, ज्यांना सगळे हेडसाहेब म्हणत, तेही हसत हसतच म्हणाले, "बाई, हा सरळ करून टाका. समितीचं तसं ठरलंय. सरळ रेघेला खांब कमी लागतात. शनिवारपर्यंत द्या."

आत्यानं कापड अंथरलं, पेन बुडवलं आणि परत पुसून ठेवलं.

"साहेब, नंतरच्या पाहणीत या कोपराच्या आत घरं दाखवलीत."

"असतील."

"चाळीस घरं आहेत. सरळ केलं तर ती रातोरात पलीकडच्या राज्यात जातील."

"मग काय उचलून न्यायचीत का? घरं आहेत तिथंच राहणार. फक्त रेघ सरकणार."

"आणि दारू प्यालेला माणूस अकरा दगड मोजून मापून रोवेल? हात एकदा घसरतो, साहेब. अकरा वेळा नाही."

हेडसाहेबांचं हसणं मावळलं. "तुम्हाला कारण शोधायला ठेवलेलं नाही. उतरवायला ठेवलंय."

"उतरवतेच की. पण हे उतरवणं नाही, बदलणं आहे. बदलायचं तर कारण लागेल. आधी तो कोपर का आहे हे कळू द्या, मग पेन उचलते."

घरी हे सांगितल्यावर माझे वडील कपाळाला हात लावून बसले. "अगं, तू ट्रेसर! हात दाखवून अवलक्षण कशाला? सगळे नाकासमोर चालतात, तुलाच काय वाकडी वाट सुचते?"

"दादा, हुकूम सरळ होता आणि तरी तो माणूस वाकडा गेला. त्याचीही नोकरीच होती ना? काहीतरी पाहिल्याशिवाय गेला नसणार."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ती तळघरातल्या दप्तरखान्यात जाऊ लागली. डबा जिन्यावरच उभ्या उभ्या संपवायची आणि उरलेली पंचवीस मिनिटं गाठोडी सोडायची. शनिवार आला, गेला. कागद कोराच. हेडसाहेबांनी ज्ञापन दिलं. तिनं त्यावर पोच सही केली आणि परत तळघरात गेली. तिसऱ्या आठवड्यात तिला गोणपाटाच्या बांधणीची एक मोजणीवही सापडली. पेन्सिलनं लिहिलेलं अक्षर बारीक, पण एकसारखं होतं. प्यायलेल्या माणसाचं नक्कीच नव्हतं.

'हद्द सरळ घ्यावी असा हुकूम. तशी घेतल्यास घरं या बाजूला राहतात आणि झरा त्या बाजूला जातो. दुसरं पाणी नाही. पलीकडच्या मोजणीदारांशी दोन दिवस बोलणं झालं. झरा आत घेऊन, त्याला वळसा घालून अकरा दगड रोवले. दोघांना मान्य.'

खाली दोन सह्यांची जागा होती. एक सही स्पष्ट होती. दुसरीच्या जागी ओल लागून तांबूस डाग पडला होता.

तिनं वही हेडसाहेबांपुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली आणि वरून रोज विचारणा. ते म्हणाले, "एका सहीवर दोन राज्यं चालत नाहीत, बाई. पलीकडची प्रत आणा, मी स्वतः वर पाठवतो."

हे त्यांनी तिला वाटेला लावण्यासाठी म्हटलं होतं. आत्यानं ते हुकूम म्हणून घेतलं, त्याच दुपारी वहीची हुबेहूब नक्कल उतरवून घेतली आणि चार दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला.

पलीकडच्या राज्याचं दप्तर पाच तासांच्या बसप्रवासावर होतं. तिथले अभिलेखपाल म्हणजे जाडजूड, सावकाश बोलणारे गृहस्थ. टेबलावर रबरी शिक्क्यांची रांग होती आणि ती बोलता बोलता सारखी करायची त्यांना सवय होती. आत्या कुठून आली हे ऐकून ते म्हणाले, "तुमच्या लोकांनी आमच्या पत्राला सहा वर्षं उत्तर दिलेलं नाही."

"म्हणून तर मी पत्र आणलं नाही. स्वतः आले."

त्यांनी शिक्के सरळ केले आणि उठले. तासाभरानं परत आले तेव्हा हातात एक पुठ्ठा होता. बांधणी शाबूत होती, पण आतल्या पानांची वाळवीनं चाळणी केली होती. उचललं की भुगा सांडत होता.

आत्या म्हणायची, "त्या क्षणी मी न विचारताच खुर्चीवर बसले."

अभिलेखपालांनी भुगा हातानं गोळा केला. तो परत पुठ्ठ्यात भरला. मग म्हणाले, "बाई, तुम्ही कधी हद्दीवर गेलायत?"

"नाही. ट्रेसरला कोण पाठवतंय?"

"मी तरुणपणी मोजणीत होतो. जुने लोक दगड रोवायच्या आधी खड्ड्यात दोन ओंजळी कोळसा टाकायचे. दगड कुणीही हलवतं, त्यावर धुणं धुतं, त्याला जनावर बांधतं. कोळसा खाली राहतो. तो कुजत नाही, आणि कुणाला माहीत नसल्यामुळे कुणी काढतही नाही. तुमच्या वहीत अंतरं आहेत ना? मग कागद राहू द्या, जमिनीला विचारा."

"तुम्ही मला हे का सांगताय? कोपर सरळ झाला तर तुमच्या राज्याला जमीन मिळते."

"आमच्याकडच्या मोजणीदारानंही 'मान्य' म्हटलं होतं की," ते म्हणाले. "त्याचा शब्द वाळवीनं खाल्ला म्हणून मी कसा खाऊ?"

आत्या घरी आलीच नाही. वाढीव रजेचा अर्ज तिथल्याच टपालपेटीत टाकला, शंभर फुटी फीत विकत घेतली आणि बसनं, मग पायी, त्या वस्तीवर पोचली. ज्या जागेवरून बावीस वर्षं तिचं पेन फिरलं होतं, तिथं उभं राहिल्यावर तिला सगळ्यात आधी जाणवलं ते हे, की तिथं रेघ नव्हती. गवत या बाजूला होतं तसंच त्या बाजूला होतं.

वस्ती दगडफोड्यांची. एका कातळातून झरा पडत होता आणि त्याच्याभोवती ऐंशी वर्षांत घरं सरकत सरकत आली होती. शाळा, दवाखाना, जमिनीची कागदपत्रं, सगळं आमच्या राज्यातल्या गावात, पाऊण तासाच्या वाटेवर. पलीकडची कचेरी डोंगराआड, आणि रस्ता नाही. सीमा सरळ होणार आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्यानं सांगितल्यावर बायका झऱ्यावरच्या घागरी तशाच ठेवून भोवती जमल्या.

"म्हणजे पोराचं नाव शाळेतून काढायचं?" एकीनं विचारलं.

"अजून काही ठरलेलं नाही. दगड कुठायत, ते दाखवा."

दगड सापडले ते भलत्याच ठिकाणी. एकाचा उंबरा झाला होता, एकावर कपडे आपटले जात होते, एकाला शेळी बांधली होती. वस्तीतला वयस्कर पाथरवट, ज्याच्या दारात उंबऱ्याचा दगड होता, तो ओशाळून म्हणाला, "चांगला घडवलेला दगड वाया का घालवायचा, म्हणून बापानं आणला. तो सरकारचा हे काय माहीत!"

"दगड राहू दे. पहार आहे का?"

"पाथरवटाला विचारताय पहार आहे का?" तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून तिच्याबरोबर राहिला.

टेकडीच्या माथ्यावर खडकात कोरलेली फुली होती, तशीच झऱ्याच्या कातळावर. पहिले दगड या दोन फुल्यांच्या रेषेत होते. वहीत पहिला दगड माथ्यापासून वीस साखळ्यांवर, म्हणजे दोन हजार फुटांवर लिहिला होता. त्यांनी फीत धरून मोजलं आणि खणलं. कंबरभर खड्डा झाला. मुरूम, मुरूम आणि मुरूम. डावीकडे खणलं, उजवीकडे खणलं. संध्याकाळपर्यंत पाथरवटाच्या तळहाताला फोड आले. गेल्या कित्येक वर्षांत त्याला फोड आला नव्हता. बघे एकेक करून पांगले. कुणीतरी जाता जाता म्हणालं, "कागदी घोडे हो, दुसरं काय."

आत्या रात्री पाथरवटाच्या घरी झोपली. सकाळी उठल्या उठल्या म्हणाली, "फुलीपासून फुलीपर्यंत मोजू या."

"ते कशाला? ते तर माहीतच आहे."

"वहीला माहीत आहे. आपल्याला नाही."

वहीत दोन फुल्यांमधलं अंतर साठ साखळ्या होतं, सहा हजार फूट. चढउतार सांभाळत त्यांना मोजायला दुपार झाली. फीत सहा हजार साठ म्हणाली. पाथरवटाला वाटलं चुकलं, पण आत्याच्या तोंडावर हसू आलं. लोखंडी साखळी वर्षानुवर्षं ओढली की कड्या झिजतात आणि ती लांबते. त्या मोजणीदाराची साखळी शंभर फुटांची म्हणून निघाली, पण झिजून एकशे एक झाली होती. त्यानं वीस साखळ्या मोजल्या, म्हणजे प्रत्यक्षात तो वीस फूट जास्त चालला होता.

कालच्या खड्ड्यापासून वीस फूट पुढे त्यांनी खणायला घेतलं. गुडघाभर खाली पहारीचा आवाज बदलला. पाथरवट खाली वाकला आणि मूठ भरून वर काढली. मूठ उघडली तर तळहात काळाकुट्ट.

आत्या खड्ड्याच्या काठावर बसली आणि रडली. पाथरवटाची बायको म्हणाली, "अहो बाई, कोळसाच आहे, सोनं नाही."

"सोनं असतं तर कुणीतरी केव्हाच काढलं असतं," आत्या म्हणाली.

त्या दोन दिवसांत त्यांनी तीन ठिकाणं खणली आणि तिन्हीकडे कोळसा लागला. मग आत्यानं काम थांबवलं. पाथरवट तापला. त्याला अकराच्या अकरा उघडायचे होते. ती म्हणाली, "उघडले तर म्हणतील तुम्हीच पुरलात. बाकीचे बंद राहू दे. समितीच्या डोळ्यांदेखत उघडू."

परत कामावर आली तेव्हा तिची रजा नामंजूर झालेली होती आणि पगार थांबलेला होता. हेडसाहेबांच्या टेबलावर तिनं नऊ पानी टिपण ठेवलं, आणि म्हणाली, "तुम्ही वर पाठवतो म्हणाला होतात." हेडसाहेब त्या टिपणाकडे, मग तिच्या काळ्या नखांकडे बघत राहिले. टिपण त्यांनी खरंच पाठवलं. तेवढा शब्द त्यांनी पाळला. पलीकडून अभिलेखपालांनीही आपल्या साहेबांना लिहिलं होतं, म्हणून टिपण कुठल्या कपाटात जाऊ शकलं नाही.

दीड महिन्यानं दोन्ही राज्यांचे अधिकारी वस्तीवर आले. समितीचे अध्यक्ष आधी उंबऱ्यातला दगड बघून वैतागले. "असले दगड पुरावा होत नाहीत, बाई. उद्या कुणी आमच्या बंगल्यात नेऊन ठेवेल."

"म्हणूनच दगडाविषयी मी बोलतच नाही, साहेब. या वहीतली अंतरं, शंभराला एक फूट वाढवून, तुमच्याच माणसांनी मोजावीत. जिथं फीत थांबेल तिथं खणावं. मी पहारीला हात लावत नाही."

ती खरोखरच झाडाखाली जाऊन हात मागे बांधून उभी राहिली. पलीकडच्या माणसांनी मोजलं, आमच्या माणसांनी खणलं. चौथ्याला कोळसा. पाचव्याला कोळसा. आठव्यापासून अकराव्यापर्यंत चारही ठिकाणी कोळसा. अध्यक्षांनी शेवटचा तुकडा हातात घेऊन चुरडला, रुमालाला हात पुसले आणि पंचनामा लिहायला सांगितला.

सहावा आणि सातवा मात्र मिळाले नाहीत. मिळणारच नव्हते. ती जागा आता खाण होती, चाळीस फूट खोल. ती खाण पाथरवटाच्या बापानं सुरू केली होती आणि त्यानं स्वतः तीस वर्षं फोडली होती. नियम असा, की मधली खूण नाहीशी असेल तर अलीकडच्या आणि पलीकडच्या खुणेतून सरळ रेघ घ्यायची. पाचव्यापासून आठव्यापर्यंत सरळ रेघ घेतली. चाळीसपैकी एकोणचाळीस घरं आणि झरा आत राहिले. एक घर बाहेर गेलं. ते पाथरवटाचं.

आत्यानं तिथंच हरकत घेतली. अध्यक्ष म्हणाले, "एका घरासाठी आता पुन्हा नाही."

पाथरवट आपल्या खाणीच्या काठावर उभा होता. थोडा वेळ खाली बघत राहिला, आणि मग त्याला हसू फुटलं. "मीच माझ्या हातानं फोडून खडी करून विकली की हो माझी हद्द. कुणावर रागावू?"

आत्याला हसता आलं नाही. परतीच्या प्रवासात तिच्याशी कुणी बोललं की ती एवढंच म्हणायची, "एकोणचाळीस. चाळीस नाही."

नकाशा तिनंच उतरवला. कोपर होता तिथं कोपर, आणि खाणीपाशी छोटासा सरळ काप. ते तिचं काचेच्या टेबलावरचं शेवटचं काम. पुढच्या महिन्यात तिची बदली टपाल शाखेत झाली. पाकिटांवर जावक क्रमांक टाकायचे. हेडसाहेबांच्या जागी तिचा नंबर लागणार होता, तो दुसऱ्याचा लागला. वडील चिडले, तर ती म्हणाली, "दादा, जावक क्रमांकाचा एक फायदा आहे. माझं पत्र गेलं की नाही हे मला विचारावं लागत नाही."

आणि तिची पत्रं जात राहिली. दर वर्षी एक अर्ज: पाचव्या ते आठव्या खुणेमधली हद्द वहीतल्या अंतरांवरून पुन्हा ठरवावी. कधी उत्तर यायचं, 'प्रकरण विचाराधीन.' कधी तेही नाही. निवृत्त झाल्यावर टपालाचं तिकीट स्वतःच्या पैशानं लागायला लागलं, एवढाच फरक पडला.

गेल्या वर्षी तिला पुन्हा वस्तीवर जायचं होतं. मी बरोबर गेले. तिला आता काठी लागते, तरी चढावर माझ्या पुढे होती. पाथरवट खूप थकलाय, पण आवाज खणखणीत आहे. आम्ही अंगणात पाय ठेवतो न ठेवतो तोच त्यानं वरच्या खांबाकडे बोट दाखवलं. पलीकडच्या राज्याला आपलं हे एकुलतं एक घर अंधारात राहिलेलं शोभेना. त्यांनी डोंगरावरून सतरा खांब टाकून त्याच्यापर्यंत वीज आणली होती.

"तुमच्याकडे दिवसातून चार तास जाते म्हणे?" त्यानं भुवया उंचावून विचारलं. "आमच्या राज्यात जात नाही."

"ऐकलंस?" आत्या मला म्हणाली. "आमच्या राज्यात!"

"मग काय! शेजारचे एकोणचाळीस जण माझ्याकडे फोन चार्ज करायला येतात. बाई, तुम्ही ते अर्ज आता थांबवा. मला इथं बरं चाललंय."

"तुझं बरं चाललं असेल," आत्या म्हणाली. "चूक ती चूकच. तू नको म्हणालास म्हणून अकरा दगडांचे नऊ होत नाहीत. उद्या तुझी नातवंडं कुठल्या शाळेत जायची?"

पाथरवटानं मान हलवली, माझ्याकडे बघून हात वर केले आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. आत्यानं पिशवीतून पुठ्ठा काढला, कोरा कागद लावला आणि त्याच्या ओट्यावर बसून, वरच्या कोपऱ्यात तारीख घालून, त्या वर्षीचा अर्ज लिहायला घेतला.